कबुलायत, काडीमोड आणि लग्नाचा कागद

लग्नापूर्वी नवरा-नवरीने आपापसांत लेखी करार करावा, असे म्हटले की आपल्याकडे भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडते. लग्न म्हणजे काय जमिनीचा व्यवहार आहे? विश्वास नसेल तर लग्न करावेच कशाला? हे प्रश्न सनातनी विचारतात, त्याचे नवल नाही. पण चळवळीत वीस-वीस वर्षे काढलेले कार्यकर्तेही तेच विचारतात, तेव्हा या प्रश्नाचा इतिहास एकदा तपासून पाहिला पाहिजे असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, लग्नापूर्वीचा करार आपल्या समाजात नाही हे म्हणणेच खोटे आहे. तो आहे, आणि तो लेखीही असतो. सुपारी फुटते, याद्या होतात. कोणी किती द्यायचे, कपडेलत्ते कोणी करायचे, मानपान कोणाचे किती, जेवणावळ कोणाच्या अंगावर, हे सगळे त्या यादीत उतरते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी त्यावर सह्या करतात. म्हणजे कागद आहे, साक्षीदार आहेत, अटी आहेत. नाही ती फक्त जिचे लग्न आहे तिची सही. तेव्हा वाद करार असावा की नसावा हा नाहीच. करार कोणाकोणात व्हावा आणि कशाबद्दल व्हावा, हा खरा वाद आहे.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरते बोलायचे तर लग्नाचा कागद ही इथे परकी वस्तू नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडाच्या, या पट्ट्यात बेने इस्रायली लोक शतकानुशतके राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. पेणला त्यांचे प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकातले आहे. रोह्याला लागून असलेल्या अष्टमीलाही त्यांची वस्ती होती. भाषा मराठी, नेसणे-बोलणे कोकणी; पण त्यांच्या धर्माच्या रीतीने लग्नात ‘केतुबा’ वाचला जातो. नवऱ्याने बायकोला काय द्यावयाचे, तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी कोणाची, नवरा मेला किंवा त्याने सोडले तर तिला किती रक्कम मिळायची, हे त्या कागदात असते. तो साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचतात आणि तो बायकोच्या मालकीचा असतो. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली.

दुसरा शेजार मुसलमानांचा. कोकणी मुसलमानांची घरे रोह्यात आहेत, पेणमध्ये आहेत, खाली मुरूड-जंजिऱ्याकडे तर पुष्कळच. इस्लामी कायद्यात निकाह हा मुळातच करार. मेहर हा त्यात बायकोचा हक्क असतो, नवरीला कबूल आहे का हे विचारावे लागते आणि निकाहनाम्यात तिला जादा अटीही घालून घेता येतात. अट मोडली तर स्वतःला सोडवून घेण्याचा अधिकार नवऱ्याकडून आधीच लिहून घेण्याची सोयही त्या कायद्यात आहे.

या दोन शेजाऱ्यांचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. कागद असला म्हणजे बाई स्वतंत्र झाली असे होत नाही. मेहरचा आकडा कित्येकदा नावापुरता असतो आणि तोही हातात पडत नाही. याच कोकणातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांना १९६६ च्या एप्रिलमध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा न्यावा लागला, तो तोंडी तलाकाविरुद्ध. करार होता, पण त्यातून बाहेर पडण्याचा सोपा दरवाजा एकट्या पुरुषासाठी उघडा होता. म्हणून कागदावर काय लिहिले आहे आणि तो मोडण्याची ताकद कोणाच्या हातात आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

आता आपल्याकडे वळू. ब्राह्मणी धर्मशास्त्राने विवाह हा संस्कार ठरविला. संस्कार म्हटले की अटी नाहीत, सुटका नाही. कन्या ही दान करण्याची वस्तू. दान घेणारा आणि दान देणारा दोघेही पुरुष. वस्तूची संमती कोण विचारणार? पण हा सगळ्या हिंदूंचा, त्यातही अस्पृश्य-शूद्र जातींचा, रिवाज होता हे मात्र इतिहासाला धरून नाही. आर्थर स्टील याने कंपनी सरकारसाठी दख्खनमधील जातीजातींचे रिवाज गोळा करून १८२७ साली छापले. त्यात पाट आहे, सोडचिठ्ठी आहे. महारांत, कुणब्यांत, कोळ्यांत विधवा मोहतूर लावीत असे, न पटणारे जोडपे जातपंचांसमोर काडी मोडून मोकळे होत असे. नवरीच्या बापाला देज मिळे, म्हणजे पैसा नवऱ्याकडून नवरीच्या घरी जाई. हे सुवर्णयुग होते असे कोणी समजू नये. देज म्हणजे बाईची किंमतच आणि ती बापाच्या कमरेला. जातपंचायतीत बाईला बसायला जागा नव्हती. पाटाच्या बायकोचा मान लग्नाच्या बायकोपेक्षा कमी. तरीही लग्न हे माणसांनी केलेले आणि माणसांना मोडता येणारे बंधन आहे, एवढी जाण त्या रिवाजात होती.

ही जाण इंग्रजी न्यायालयांनी खुडली. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे करसन गोजा आणि बाई रूपा यांचे प्रकरण आले. गुजरातेतल्या कोळी जातीत नवऱ्याच्या संमतीवाचून जातीच्या परवानगीने बाईला दुसरे लग्न लावता येई. न्यायालयाने हा रिवाज अनीतीचा ठरवून रद्द केला आणि बाईचा पाट हा गुन्हा झाला. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याचेही असेच. ज्या जातींत विधवेचे लग्न निषिद्ध होते त्यांच्यासाठी तो सुधारणा होता. पण त्यातल्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ च्या विठू विरुद्ध गोविंदा या निकालात ते कलम पूर्वापार पाट लावणाऱ्या जातींनाही लागू केले. म्हणजे ब्राह्मण विधवेच्या नावाने कायदा झाला आणि कुणबिणीची जमीन गेली. आपल्या शाळा-कॉलेजांत सुधारणांचा जो इतिहास शिकवतात त्यात हे पान नसते.

मग रखमाबाईचा खटला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुंबईची मुलगी नांदायला जायला नकार देते, दादाजी भिकाजी दावा लावतो. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तिने तुरुंग पत्करतो म्हटले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. यातली गंमत पाहा, म्हणजे गंमत म्हणायची ती दुःखाने. लग्न करार नाही, संस्कार आहे. म्हणून मुलीची संमती लागत नाही. पण ती नांदायला येत नाही म्हटल्यावर मात्र करार मोडल्यासारखा दावा लावता येतो. पुरुषाला सोयीचा तेव्हा संस्कार, पुरुषाला सोयीचा तेव्हा करार.

या ढोंगाला पहिला जबाब जोतीरावांनी दिला. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात भटाविना पहिले लग्न लागले. आपण ‘भटाविना’ या शब्दावर थांबतो. तो महत्त्वाचा आहेच, पण जोतीरावांच्या विवाहविधीत त्याहून खोल काही आहे. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी बोलते. स्त्रियांना हक्क नाहीत, ते तू देणार का, असे ती लग्नाच्या उभ्या मांडवात नवऱ्याला विचारते, आणि नवरा सर्वांसमक्ष कबूल करतो. हा लग्नापूर्वीचा करारच आहे. शंभर-दीडशे माणसे साक्षीदार आहेत. फरक इतकाच की तो तोंडी आहे, आणि तोंडी कबुलीचे पुढे काय होते ते पेण-रोह्याच्या कुळांना सांगायला नको.

इथे जरा थांबून कुळांविषयीच बोलले पाहिजे, कारण या दोन तालुक्यांत ‘कबुलायत’ हा शब्द कुळांनी आणि त्यांच्या पोरांनी ऐकलेला आहे. खोताने सांगावे, कुळाने अंगठा उठवावा. भात किती द्यायचे, फाटी किती दिवस वाहायची, बांधबंदिस्ती कोणी करायची. कबुलायत खोताच्या पेटीत. कसणाऱ्याजवळ काही नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. मग १९३९ चा कुळकायदा, मग १९४८ चा. या सगळ्या लढ्याचा गाभा काय होता? कसणाऱ्याचे नाव कागदावर लागावे. ज्याचे नाव लागले तो राहिला. ज्याचा ‘सरकारांनी तोंडी सांगितले आहे’ यावर विश्वास होता तो उठवला गेला. हा धडा ज्यांच्या बापजाद्यांनी उपाशी राहून शिकला, त्यांनीच घरातल्या बाईला मात्र ‘आपल्यात कागद कशाला, विश्वास आहे ना’ असे सांगावे?

लग्न आणि कागद यांचे आणखी एक नाते या मातीत आहे आणि ते सर्वांत भयंकर आहे. उत्तरेला ठाणे जिल्ह्यात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. १९४५ च्या उठावाने ती प्रथा मोडली. देशात वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. पण पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतून कोळसा भट्टीवर, वीटभट्टीवर जाणारी जोडपी उचल घेऊनच जातात, आणि ती उचल पुष्कळदा लग्नाच्याच खर्चाची असते. लग्नापूर्वीचा हा करार पुरुषाने मालकाशी केलेला. बाईचे श्रम त्यात धरलेले, बाईचे मत धरलेले नाही.

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद ही ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ होती. म्हणजे पेण आणि रोहा तिच्या घरातलेच. २५ डिसेंबर १९२७ ला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीची होळी या दोन घटना आपण वेगवेगळ्या सांगतो, पण बाईला कोणत्याही वयात स्वातंत्र्य नाकारणारा, तिच्या कमाईवर नवऱ्याची मालकी सांगणारा तोच ग्रंथ होता. बाबासाहेबांनी त्या परिषदेनंतर स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे असे सांगितले. आणि हिंदू कोड बिलात या बरोबरीला कायद्याचे हाडमांस देण्याचा प्रयत्न केला. एकपत्नीत्व, घटस्फोट, मुलीला वारसा, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हुंड्याचे कलम: लग्नात दिलेला हुंडा ही वधूची विश्वस्त मालमत्ता मानावी, ती तिच्यासाठी राखून ठेवावी, असे त्या बिलात होते. यादीवरचा माल यादीवाल्यांचा नव्हे, तिचा. ते बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव तेव्हा अर्थमंत्री होते. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. पंतप्रधान नेहरू साक्षीदार. दुर्गाबाईंचे लहानपणी लावलेले लग्न त्यांनी स्वतः नाकारलेले होते, आणि घटना समितीत त्या सदस्य होत्या. दोन शिकलेली, कमावती, आपापल्या पायावर उभी माणसे. त्यांना कागदाची गरज सर्वांत कमी होती आणि त्यांच्याजवळ तो होता. गरज असणारी माणसे आजही मंडपाचा फोटो हाच पुरावा समजतात.

फोटो पुरत नाही. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. पहिली बायको जिवंत असताना नवऱ्याने दुसरे लग्न केले. पण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून ते लग्नच नाही आणि म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही! पहिली फसली, दुसरी फसली, नवरा सुटला. नोंदणीचा कायदा मुंबई राज्यात १९५३ पासून होता, महाराष्ट्राचा नवा कायदा १९९८ चा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. तरी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची ती पासपोर्टासाठी किंवा नोकरीसाठी लागली तर.

धम्मदीक्षेनंतर आपला विवाहविधी बदलला. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेपुढे वधू-वर उभे राहतात, पाच-पाच प्रतिज्ञा घेतात. या प्रतिज्ञांचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. नवऱ्याने बायकोचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, व्यभिचार करू नये, घरातली सत्ता तिच्या हाती सोपवावी, वस्त्रालंकार द्यावेत. चौथी प्रतिज्ञा पुन्हा एकदा वाचा. घरातली सत्ता सोपवावी. दानाची वस्तू म्हणून आलेल्या बाईला हे कोणी सांगितले नव्हते. पण प्रतिज्ञा घेऊन वर खाली बसतो आणि घराचा उतारा, बँकेचे पुस्तक, नोकरीच्या कागदावरचे वारसाचे नाव यांतले काय बदलते? आणि स्पष्ट बोलायचे तर आपल्याच लग्नांत हुंडा आला आहे. देज घेणारी जात हुंडा मागू लागली, ती पोरगा साहेब झाल्यावर. पंचशील म्हणायचे आणि मोटारसायकल मागायची. आपण शिकलो, त्याबरोबर वरच्यांचा हा रोगही शिकलो.

म्हणून प्रतिज्ञांचा कागद झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कायद्यात तो टिकेल का? याचे उत्तर सरळ नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून लग्नापूर्वी मालमत्तेचा करार करता येतो, आणि तो केला नाही तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली, ज्यात बौद्धही येतात, अशी तरतूद नाही. १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्द ठरविते. लग्नानंतर घरजावई होऊन राहीन, असे नवऱ्याने लग्नापूर्वी लिहून दिले होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ साली ते निरर्थक ठरविले. पोटगी मागणार नाही असे बाईकडून लिहून घेतले तर तेही न्यायालये मानीत नाहीत, आणि हे बरेच आहे. युरोप-अमेरिकेत हा करार गाजला तो श्रीमंत नवऱ्याची इस्टेट बायकोपासून वाचवायला. तसला कागद कोणी वकील आपल्या मुलीपुढे ठेवील तर तिने तो फाडावा. फौजदारी संहितेचे जुने १२५ वे कलम, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे, हे तिचे शेवटचे जेवणाचे ताट आहे.

आपल्याला हवा तो करार उलट्या दिशेचा आहे. मालमत्ता बायकोपासून वाचवायची नाही. बायकोला मालमत्ताहीन होण्यापासून वाचवायचे आहे. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना आजच्याच कायद्याचा आधार आहे. लग्नातल्या भेटवस्तूंची यादी वधू-वरांनी सह्या करून ठेवावी, असा केंद्र सरकारचा नियमच १९८५ पासून आहे. त्याच वर्षी प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सर्वस्वी बाईचे, सासरच्यांनी दाबले तर तो अपहाराचा गुन्हा, असे सांगितले. यादीवर तिची सही असेल तर पुढे भांडे-भांडे मोजत बसावे लागत नाही. नवऱ्याच्या शेतावर बायकोचे नाव लावण्याची सोय महाराष्ट्र सरकारने लक्ष्मीमुक्तीच्या नावाने १९९२ साली केली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क राज्याने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. पण नवरा जिवंत असेतो बायकोला नवऱ्याच्या घरात-शेतात मालकी हक्क कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. तो तिला लिहूनच घ्यावा लागेल, आणि नुसत्या करारात नव्हे तर उताऱ्यावर.

याचा अर्थ काय होतो तो पेण तालुक्याने पाहिला आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या होत्या, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. देशात गाजलेला लढा. त्यात बायका मोर्चाच्या पुढे होत्या. पण जमिनीचे मत खातेदाराचे. भात लावणारी, कापणारी, झोडणारी बाई सातबाऱ्यावर नसेल तर ती मोर्चात असते, खातेदारांच्या यादीत नसते. धाटावला, नागोठण्याला कारखाने आले तेव्हा मोबदल्याचे पैसेही नाव असणाऱ्याच्याच हाती पडले.

आणखी एक विसंगती सांगतो. लग्न मोडताना स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहायला आपली माणसे क्षणाचा विलंब लावत नाहीत. रिवाजाने होणारा घटस्फोट १९५५ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने राखून ठेवला आहे, तो रिवाज सिद्ध करावा लागतो, हे कोणी वाचलेले नसते. दोन साक्षीदार, एक नोटरी, ‘माझी काही तक्रार नाही’ असे बाईकडून लिहून घेतले की झाले. मोडताना कागद चालतो, जोडताना मात्र तो अविश्वास होतो!

तेव्हा जोडतानाचा कागद कसा असावा? फार मोठा नको. हुंडा घेतला नाही, घेणार नाही. भेटवस्तूंची यादी, दोघांच्या सह्यांची. तिचे शिक्षण वा नोकरी सुरू राहील आणि तिचा पगार तिच्या खात्यात जाईल. घर बांधले किंवा घेतले तर दोघांच्या नावावर. मारहाण होणार नाही. झाली तर ती कोणाकडे राहायला जाईल आणि तिचे सामान कोण पोचवील, हेही नाव घालून लिहावे, कारण त्या रात्री विचार करायला वेळ नसतो. तिच्या आईबापांना म्हातारपणी सांभाळण्याचा तिचा हक्क. यांतले काही न्यायालयात टिकेल, काही टिकणार नाही. जे टिकणार नाही तेही वाचून दाखवल्यावर नवरा मुलगा कुठे अडखळतो ते लग्नाआधी कळेल, आणि तेवढ्यासाठीही लिहायला हरकत नाही.

तो साध्या मराठीत लिहावा, विहारात प्रतिज्ञांबरोबर मोठ्याने वाचावा, दोन्हीकडच्या बायकांच्याही साक्षी घ्याव्यात. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत लग्नाची नोंद करावी. प्रती तीन काढाव्यात: एक त्याची, एक तिची, आणि एक तिच्या आईच्या ट्रंकेत.